विश्लेषण : फुटबॉलमध्ये जो वेगवान, तोच विजेता? कोल्हापूरच्या खेळाडूंना आकडे काय सांगतात?

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्यासारखे संघ समोरासमोर आले, की एखादा विंगर चेंडू घेऊन कडेने सुसाट सुटताच गॅलरीत एकच गलका होतो. ‘पोरगं पळतंय कसलं!’ ही इथली मोठी दाद. त्यामुळे संघ निवडतानाही पळणाऱ्या मुलाकडे आधी लक्ष जाते. पण वेगवान खेळाडूंचा संघच जिंकतो का? व्यावसायिक फुटबॉलमधील आकड्यांचे उत्तर थोडे वेगळे आहे.

स्प्रिंट कशाला म्हणतात?

व्यावसायिक सामन्यात एक खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यातले बरेचसे चालणे आणि हळू धावणे असते. ताशी सुमारे २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने धावले, तर त्याला बहुतेक अभ्यासांत स्प्रिंट मानले जाते. असे अंतर संपूर्ण सामन्यात काहीशे मीटरच भरते. बहुतेक स्प्रिंट २० मीटरपेक्षा छोटे, म्हणजे दोन-चार सेकंदांचे असतात.

या काही सेकंदांना इतके महत्त्व का?

कारण गोल बहुधा त्यातूनच होतात. जर्मनीच्या बुंडेसलिगातील ३६० गोलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ८३ टक्के गोलांच्या आधी गोल करणाऱ्याने किंवा पास देणाऱ्याने स्प्रिंट, उडी किंवा झटकन वळण अशी एखादी स्फोटक हालचाल केली होती. ४५ टक्के गोलांत गोल करणारा खेळाडू सरळ रेषेत स्प्रिंट मारून आला होता, आणि तोही बहुतेकदा चेंडू पायात नसताना. म्हणजे पास येण्याआधी मोकळी जागा गाठण्यासाठी मारलेली धाव गोलाचा रस्ता उघडते.

खेळ पूर्वीपेक्षा वेगवान झाला आहे का?

हो. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये २००६-०७ ते २०१२-१३ या सात हंगामांत खेळाडूने कापलेले एकूण अंतर केवळ दोन टक्क्यांच्या आसपास वाढले. मात्र वेगाने धावलेले अंतर सुमारे ३० टक्के आणि स्प्रिंटचे अंतर सुमारे ३५ टक्के वाढले. त्यामुळे वेग ही आता चैन नाही, प्रवेशाची अट आहे.

मग जास्त पळणारा संघ गुणतक्त्यात वर असतो का?

तसे नाही. इटलीच्या सेरी आ स्पर्धेतील २००४-०५ हंगामाच्या अभ्यासात तळाच्या संघांचे खेळाडू वरच्या संघांपेक्षा अधिक पळाल्याचे दिसले. वरचे संघ पुढे होते ते चेंडू पायात असताना कापलेल्या अंतरात, पासमध्ये आणि गोलाच्या दिशेने मारलेल्या फटक्यांत. कारण समजण्यासारखे आहे. चेंडू ज्याच्याकडे नाही, त्याला चेंडूमागे पळावे लागते. एकूण पळापळ कधी कधी ताकदीची नव्हे, तर अडचणीची खूण असते.

केवळ वेग असून भागते का?

जगातील सर्वांत वेगवान माणूस उसेन बोल्ट याने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स संघात चाचणी दिली. मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने दोन गोलही केले, पण व्यावसायिक करार झाला नाही. दुसरे उदाहरण टॉटनहॅमच्या मिकी व्हॅन दे व्हेनचे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा ताशी ३७.३८ किलोमीटर वेग नोंदला गेला. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामात दुखापतीमुळे तो बराच काळ बाहेर होता आणि टॉटनहॅम लीगमध्ये १७ वे आले. वेग एकाचा असतो, गुण संघाला मिळतात. शिवाय वेगवान खेळाडू मैदानावर उपलब्धही असावा लागतो.

कोल्हापूरच्या खेळाडूंनी काय घ्यावे?

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी प्रश्न ‘किती पळतो’ एवढाच नाही, ‘कधी आणि कुठे पळतो’ हाही आहे.

सरावात मैदानाला फेऱ्या मारल्याने दम वाढतो, वेग नाही. वेगासाठी १० ते ३० मीटरच्या मोजक्या धावा पूर्ण ताकदीने माराव्या लागतात आणि दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी लागते. दमलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही. त्यातल्या काही धावा पासची वेळ साधून मारल्या, तर नजरही तयार होते.

स्प्रिंटमध्ये सर्वाधिक धोका मांडीच्या मागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला असतो. गुडघे टेकून, जोडीदाराला घोटे धरायला लावून हळूहळू पुढे झुकण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम नियमित केल्यास या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. त्याला ना जिम लागते, ना पैसा. तालमीच्या हौद्यातही तो करता येतो.

गॅलरीची दाद पळणाऱ्याला मिळते. पण बचावपटूची नजर चुकवून, पासच्या अर्धा सेकंद आधी योग्य जागी पोहोचणाराच बहुतेकदा गोल करून जातो.