थेंबात सव्वाचारशे लाख कोटी, नाहीतर शून्य

नारायणगावला किंवा मंचरला रक्तदान शिबिर लागलं, की तिथली पांढरी टाइल एकदा जवळून बघा. तिच्यावर रक्ताचे तीन थेंब. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात बिनरंगी अँटी-डी. काडीने ढवळून टाइल हलवली, की जुळेल तिथे रक्त कणी धरतं. पहिले दोन्ही थेंब एकसंध राहिले तर गट ‘ओ’.

जरा मोठ्या थेंबात सुमारे २५ कोटी तांबड्या पेशी असतात. ओ गटाच्या एकेका पेशीवर ‘एच’ नावाच्या साखरेच्या साधारण १७ लाख खुणा. म्हणजे थेंबात सव्वाचारशे लाख कोटी!

आणि काही माणसांच्या थेंबात यातली एकही नसते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हे रक्त ओळखलं, ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. तोच बॉम्बे रक्तगट. ए आणि बी या खुणा एचवरच रचल्या जातात. पायाच नाही, तर वर काही चढत नाही. टाइलवर मात्र हे रक्त हुबेहूब ‘ओ’ दिसतं. ओ गटाच्या पेशींशी ताडून पाहिलं, की खरं कळतं.

पोटातल्या जिवाणूंच्या अंगावरही अशा साखरा असतात. बाळ काही महिन्यांचं होतं, तोच त्यांच्यामुळे त्याचं शरीर आपल्याकडे नसलेल्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. कुणाचं रक्त कधी घेतलेलं नसतानाही! यातल्या आयजीएम प्रतिपिंडाला दहा हात; एकाच वेळी अनेक पेशी धरून ते गठ्ठा करतं. बॉम्बे गटाच्या माणसात ही फौज ए, बी आणि एच तिन्हींविरुद्ध उभी असते. त्याला ओ रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं.

युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा, भारतात दहा हजारांत एक. २०११ च्या जनगणनेत नारायणगावचा जुन्नर आणि मंचरचा आंबेगाव हे तालुके मिळून सहा लाखांवर माणसं होती. या हिशेबाने दोन तालुक्यांत साठेक जण. इथली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या डबे पोचवायला, हमालीला मुंबईत गेली, त्यांच्यातही कुणी असेल. आईबाप दोघांकडून एच न बनण्याचा दोष आला तरच बॉम्बे गट होतो, म्हणून सख्ख्या भावंडात तो सापडण्याची शक्यता चारात एक. दात्याचा शोध पहिला घरातच घ्यावा.

रक्ताची पिशवी रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये फार तर ४२ दिवस टिकते. म्हणून जपायचं ते दात्याचं नाव आणि फोन नंबर. फोन आला, की तो माणूस एसटी पकडतो.