‘आभासी’ साठवण : एक संज्ञाविचार

वेळापूर येथील यादवकालीन मराठी शिलालेखाची अक्षरे त्याच्या दगडाहून वेगळी नाहीत. दगड भंगला की लेखही गेला. त्याच लेखाचे छायाचित्र डेटा सेंटरमध्ये ठेवले असता मात्र नाव आणि स्थान यांची फारकत होते. नाव आपण जाणतो. स्थान सॉफ्टवेअर ठरविते. ते मजकुराचे खंड पाडून प्रत्येकाच्या, बहुधा तीन, प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवते व एक डिस्क निकामी झाल्यास उरलेल्या प्रतींवरून नवी सिद्ध करते. आय.बी.एम.ने १९७२ साली व्हीएम/३७० या प्रणालीद्वारे एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालविण्याची सोय केली, ती याच तत्त्वावर.

या व्यवस्थेस आपण ‘आभासी’ म्हणतो. परंतु आभास म्हणजे नसलेल्या वस्तूचा प्रत्यय. येथे वस्तू खरीच असते, केवळ तिचे स्थान झाकलेले असते. हा भेद निव्वळ शाब्दिक नव्हे. तिन्ही प्रती एकाच रॅकमधील यंत्रांवर पडल्या, तर एका आगीत तिन्ही नष्ट होतील. म्हणून प्रतींची संख्या सांगून रचनाकाराचे काम संपत नाही. त्या कोठे असाव्यात, हेही त्याने सॉफ्टवेअरला सांगितले पाहिजे. दगड दिसेनासा झाला, तरी तो असतोच.