धोनी साडेबारा कोटी, त्रिपाठी दहा लाख

ड्राफ्ट हा अमेरिकन बास्केटबॉलचा प्रकार, आपल्याकडे फक्त लिलाव, असं वाटत असेल तर पहिली गंमत ऐका. पुण्याच्या एका संघाची सुरुवातच ड्राफ्टनं झाली होती!

तारीख १५ डिसेंबर २०१५. आयपीएलमधून चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर, त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट. जुन्या दोन संघांचे खेळाडू या नव्या दोघांनी आधी वाटून घ्यायचे होते. हातोडा नाही, चढाओढ नाही. गल्लीत दोन कॅप्टन आळीपाळीनं ‘हा माझा’ म्हणत टीम पाडतात, तसंच. पुण्यानं धोनीला उचललं, राजकोटनं रैनाला. मग रहाणे पुण्याला, जाडेजा राजकोटला. प्रत्येकी पाच जण होईपर्यंत हे चाललं.

पहिला नंबर पुण्याला कसा मिळाला, ही त्याहून मोठी गंमत. संघ मिळवण्यासाठी उलटी बोली होती. बोर्डाकडून वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी मिळणार होते. त्यापेक्षा कमीत चालवून दाखवतो म्हणेल त्याला संघ. संजीव गोएंकांच्या कंपनीनं पुण्यासाठी बोली लावली उणे १६ कोटी. म्हणजे तुमचे पैसे नकोत, उलट आम्हीच दरवर्षी १६ कोटी भरतो! राजकोटसाठी इंटेक्सची बोली होती उणे १० कोटी. सगळ्यात खालची बोली पुण्याची, म्हणून पहिली पसंती पुण्याची.

पैशांचा हिशेब तर आधीच छापून ठेवला होता. पहिला निवडलेला साडेबारा कोटी, दुसरा साडेनऊ, तिसरा साडेसात, चौथा साडेपाच, पाचवा चार. पुण्याच्या यादीत धोनी, रहाणे, अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि पाचवा फाफ डू प्लेसी. राजकोटचा पाचवा ड्वेन ब्राव्हो. डू प्लेसी नि ब्राव्हो दोघंही चार-चार कोटींचे. लिलावात दोघांचा भाव एकच आला असता का? शंकाच आहे. पण ड्राफ्टमध्ये भाव नंबराचा असतो, माणसाचा नाही.

एकतिसाव्या नंबरपासून पुढे

हाच खेळ अमेरिकेतली बास्केटबॉल लीग एनबीए दरवर्षी खेळते. तीस संघ, दोन फेऱ्या, म्हणजे साठ नावं. (एखाद्या संघानं नियम मोडला की त्याची पाळी काढून घेतात, २०२४ मध्ये त्यामुळे ५८ नावंच पुकारली गेली.) पहिल्या फेरीतल्या तिसांचं भलं असतं. नंबरानुसार पगाराचा तक्ता ठरलेला, पहिली दोन वर्षं पैसे पक्के, तिसरं-चौथं वर्ष ठेवायचं की नाही ते संघ ठरवणार.

दुसऱ्या फेरीत चित्र पार बदलतं. एकतिसाव्या नंबरपासून तक्ता नाही की हमी नाही. नाव पुकारलं म्हणजे नोकरी लागली, असं तर मुळीच नाही. संघाला मिळतो तो फक्त हक्क: एनबीएत हा मुलगा खेळला तर आमच्याकडेच, दुसऱ्या कुणी त्याच्याशी करार करायचा नाही. हा हक्क टिकवायचा तर संघाला मुदतीत एक वर्षाच्या किमान पगाराचा देकार द्यावा लागतो. तो देकारही बिनहमीचा. मुलानं सही केली, सरावाला आला, आणि मोसम सुरू व्हायच्या आत त्याला घरी पाठवलं, असंही होतं. सही केली नाही आणि कुठेच खेळला नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा ड्राफ्टमध्ये उभं राहायचं. पण तो युरोपात खेळायला गेला तर मात्र हक्क संघाकडेच राहतो, वर्षानुवर्षं!

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला. भारतात जन्मलेला पहिलाच, उंची सात फूट दोन इंच, संघ डॅलस मॅव्हरिक्स. त्या रात्री देशभर आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण सतनाम एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. त्याच्या वाट्याला आला तो खालच्या लीगमधला टेक्सस लेजंड्स हा संघ. ५२ व्या नंबरचा कागद एवढाच असतो, हे तेव्हा आपल्याकडे कुणी नीट समजावून सांगितलं नाही.

उलट बाजूही तितकीच भन्नाट आहे. २०१४ मध्ये ४१ व्या नंबरला निकोला योकिचचं नाव आलं तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती, आणि योकिच सर्बियात गाढ झोपलेला! डेन्व्हरनं हक्क जपला, एक वर्ष त्याला तिकडेच खेळू दिलं, मग बोलावून घेतलं. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अर्जेंटिनाचा मानू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा होता. सॅन अँटोनिओत आला २००२ मध्ये, आणि चार अजिंक्यपदं घेऊन निवृत्त झाला.

हक्क ही वस्तू विकताही येते. स्पेनचा मार्क गासोल २००७ मध्ये लेकर्सनं ४८ व्या नंबरला घेतला. तो युरोपातच खेळत होता. २००८ च्या फेब्रुवारीत लेकर्सनी त्याचा हक्क मेम्फिसला दिला, आणि त्याच सौद्यात मेम्फिसकडून घेतला त्याचा थोरला भाऊ पाउ गासोल. सख्ख्या भावांची अदलाबदल! सर्जिओ युल याचा हक्क ह्यूस्टननं २००९ मध्ये रोख साडेबावीस लाख डॉलर मोजून घेतला. युल रेआल माद्रिद सोडून कधी गेलाच नाही. खेळाडू येणार नाही हे दिसत असतानाही असे हक्क संघ जपून ठेवतात, कारण एनबीएतल्या सौद्यात प्रत्येक बाजूला काहीतरी द्यावंच लागतं. मग कधीच न येणाऱ्या खेळाडूचा हक्क त्या कामी येतो.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात आवडते. हमी नसणं हा तोटा, पण तक्ता नसणं हा फायदाही आहे. एकतिसावा मुलगा घासाघीस करू शकतो, दोनच वर्षांचा करार मागू शकतो आणि लवकर मोकळा होऊ शकतो. गिल्बर्ट अरिनास हा दुसऱ्या फेरीतला गार्ड गोल्डन स्टेटमध्ये असाच दोन वर्षांत चमकला. २००३ मध्ये वॉशिंग्टननं त्याच्यापुढे मोठा करार ठेवला, आणि पगाराची मर्यादा भरल्यामुळे गोल्डन स्टेटला तेवढे पैसे देताच येईनात. मुलगा हातचा गेला. पुढे लीगनं नियमच बदलला, आणि लोक त्याला अरिनास नियमच म्हणतात. २०२३ पासून तर दुसऱ्या फेरीतल्यांना चार वर्षांपर्यंतचे करार देण्यासाठी वेगळी सवलतच ठेवली आहे.

दहा लाखांचा सलामीवीर

परत पुण्याकडे येऊ. फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात पुण्यानं बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं. त्याच लिलावात, त्याच संघानं डेक्कन जिमखान्यावर घडलेल्या राहुल त्रिपाठीला घेतलं दहा लाखांना. १४५ पट फरक!

३ मे २०१७, ईडन गार्डन्स. कोलकात्याच्या १५५ धावांचा पाठलाग. पलीकडे एकेक मोठं नाव तंबूत परततंय आणि अलीकडे त्रिपाठी मारत सुटलाय. ५२ चेंडूंत ९३, नऊ चौकार, सात षटकार. बाकी कुणालाही विशीपर्यंत पोचता आलं नाही. पुणे जिंकलं. मोसमाअखेर त्रिपाठीच्या ३९१ धावा झाल्या. संघात त्याच्यापुढे फक्त कर्णधार स्मिथ.

त्या वर्षीचं पुणं म्हणजे स्वस्तात मस्त खरेदीचं प्रदर्शनच होतं. जयदेव उनाडकट तीस लाखांचा, २४ बळी. इम्रान ताहिर तर लिलावात कुणी घेतलाच नव्हता. मिचेल मार्श जखमी झाला म्हणून बोलावला आणि १८ बळी घेऊन गेला. अंतिम सामना एका धावेनं हुकला. त्या एका धावेची हळहळ पुण्यात अजून आहे, आणि असायलाच हवी.

पण खरी हळहळ पुढची. एनबीएतल्या संघाला असा ४१ वा हिरा सापडला तर तो त्याला वर्षानुवर्षं धरून ठेवू शकतो. पुण्याचा संघच दोन वर्षांच्या बोलीवर जन्मलेला. हक्क धरायला धनीच उरला नाही. २०१८ च्या लिलावात राजस्थाननं उनाडकटला साडेअकरा कोटींना उचललं. आणि त्रिपाठीच्या भावाचा प्रवास बघा: दहा लाख, मग राजस्थानकडे ३ कोटी ४० लाख, मग कोलकात्याकडे ६० लाख, मग हैदराबादकडे साडेआठ कोटी, मग २०२५ साठी चेन्नईकडे पुन्हा ३ कोटी ४० लाख!

ऋतुराज गायकवाडच्या बाबतीत उलटं झालं, कारण तिथे धनी पक्का होता. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत तयार झालेल्या या पोराला डिसेंबर २०१८ मध्ये चेन्नईनं मूळ किमतीला, वीस लाखांना घेतलं. पहिल्या वर्षी एकही सामना नाही. करार पुढे चालवायचा की सोडायचा, हे संघाच्या हातात, चेन्नईनं चालवला. २०२१ मध्ये ६३५ धावा, ऑरेंज कॅप आणि करंडक. वीस लाखांच्या बोलीवर आलेल्या खेळाडूनं! मग २०२२ साठी सहा कोटी आणि २०२५ साठी अठरा कोटी, म्हणजे मूळ बोलीच्या नव्वद पट. चेन्नईच्या संयमाला दाद द्यायलाच हवी. पण माझ्या मते इतक्या तळाच्या बोलीवर आलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षानंतर भाव नव्यानं ठरवून घ्यायचा हक्क मिळायला हवा.

बालेवाडीचा रस्ता

कबड्डीत तर लिलावाच्या टेबलापर्यंत न येताही मुलं संघात येतात. प्रो कबड्डीच्या लिलावात खेळाडूंचे चार गट असतात, मूळ किंमत अ गटाला तीस लाख, ड गटाला नऊ. त्याच्याही बाहेर ‘न्यू यंग प्लेअर’ नावाची सोय आहे. अनुभव नसलेल्या तरुणांना संघ थेट करारबद्ध करतो, आणि चमकले तर पुढच्या मोसमांत लिलावात न सोडता राखून ठेवतो. एनबीएच्या दुसऱ्या फेरीचा आपल्याकडचा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच.

पुणेरी पलटणनं याचं सोनं केलं. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत आठव्या मोसमात तरुण खेळाडू म्हणूनच आले. पलटणनं दोघांना सोडलं नाही. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पलटण पहिल्यांदा अजिंक्य ठरली, तेव्हा कर्णधार होता अस्लम. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

त्याच संघात दुसऱ्या टोकाला होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, लिलावातून २ कोटी ३५ लाखांना आणलेला. अजिंक्यपद मिळालं, आणि पुढच्या लिलावात तो गेला २ कोटी ७ लाखांना, नेमका त्याच हरियाणाकडे. हरियाणा पुढच्याच मोसमात जिंकलं. तो अंतिम सामना झाला २९ डिसेंबर २०२४ ला, पुण्यातच, बालेवाडीत!