व्हिसा येण्याआधी

दहावीचा निकाल लागला की पालक मार्कांची चौकशी करतात आणि लगेच विचारतात, "दाखला कधी मिळेल? पोराचा पासपोर्ट टाकायचाय." रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत हे नवे नाही. आपल्या एका पिढीने जहाजावर खलाशी म्हणून दिवस काढले, पुढच्या पिढीने कुवेत, दुबई, सौदी गाठली. त्या पैशांवर चिऱ्याची घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही, आमची शिक्षणेही त्याच कमाईवर झाली.

पण आता "तिथे गेल्यावर शिकेल" हे चालत नाही. सौदीने २०११ मध्ये निताकत आणून स्थानिकांसाठी नोकऱ्या राखल्या, २०१७ पासून सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवर दरमहा शुल्क लावले. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी तर आता भारतातच कौशल्याची परीक्षा घेतली जाते. मामूची ओळख तिथे उपयोगी पडत नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी एसी टेक्निशियन म्हणून गेला. एजंटने लाखाच्या वर रक्कम घेतली आणि हाती दिला टुरिस्ट व्हिसा. तिथे गाड्या धुवायला लावले. चार महिन्यांनी परत आला तेव्हा आईच्या बांगड्या सोनाराकडे होत्या. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात. त्याचा परवाना खरा की खोटा हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ही माहिती त्या घरात कुणालाच नव्हती. खरे सांगायचे तर शिक्षक असून आम्हीही ती कधी वर्गात सांगितली नव्हती.

म्हणून आम्ही काही शिक्षक जूनमध्ये तीन दिवस मगरिबनंतर जमातखान्यात बसलो, आयटीआयचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला. वाटले होते, मुलांना ट्रेड समजावण्यात वेळ जाईल. गेला तो नावांत. एकाच्या आधारवर मोहम्मद, दाखल्यावर महमद, मार्कशीटवर नुसते मो. कुणाच्या बापाचे नाव एका कागदावर आडनावासकट, दुसऱ्यावर आडनावाशिवाय. आज फॉर्म अडतो, उद्या पासपोर्ट अडेल. पहिलीत नाव घालताना जन्मदाखला समोर ठेवून एकच स्पेलिंग लिहिले तर पुढची पंधरा वर्षे धावपळ वाचते. आयांनी हे काम आपल्या हाती घ्यावे, वडील बहुधा जहाजावर किंवा आखातात असतात.

दहावीत अडखळलेली मुले मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतार या ट्रेडना आठवी पास चालते. वेल्डर एका वर्षात होतो, वायरमन दोन वर्षांत. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट लागते आणि आखातासकट अठरा देशांत नोकरीला जाताना वेगळी मंजुरी घ्यावी लागते. मान्यताप्राप्त संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा असेल तर ही अट सुटते. हे ऐकल्यावर मागची रांग पुढे सरकली.

एक चाचा बोलले, "मग इथे काम नाहीच का?" आहे की! मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळचे खलाशी, आंब्याच्या बागांत नेपाळचे राखणदार, बांधकामावर कर्नाटकचे गवंडी. कामाला माणसे लागतात म्हणूनच ती एवढ्या लांबून येतात. आपल्या मुलांना मात्र घामाच्या कामाची लाज वाटते आणि तेच काम दुबईत केले की इज्जत वाटते! हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हातांनी लोखंडाची चिलखते बनवून खात, हे आपण मकतबात शिकवतो. मुलगा वेल्डर झाला तर लग्नाच्या बोलणीत ते दबक्या आवाजात का सांगतो?

तिसऱ्या दिवशी एक वयस्क गृहस्थ आले. बावीस वर्षे वेल्डिंग करून परतलेले, हातात एकही प्रमाणपत्र नाही. अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे, असे आम्ही सांगितले. ते हसले. "मला आता कागद काय करायचाय? पोरांना द्या." तरी मुलांना शिकवायची त्यांची तयारी होती.

उठता उठता पडद्यामागून एक बाई म्हणाल्या, "आणि आमच्या मुलींचे काय?" आयटीआयत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. तीन दिवसांत आम्ही भरलेल्या फॉर्ममध्ये मुलीचा एकही नव्हता. त्या बाईंच्या मुलीचे कागद आम्ही लगेच मागवून घेतले. नावाचे स्पेलिंग सगळीकडे एकच होते.