टोकनचे वलय आणि त्याचा राखणदार

एकाच तारेवर अनेक संगणक जोडले की बोलण्याची पाळी कोणाची हा प्रश्न उभा राहतो. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये जन्मलेल्या इथरनेटने तार मोकळी दिसताच कोणालाही संदेश पाठवण्याची मुभा दिली आणि दोन संदेश आदळलेच, तर दोघांनीही यदृच्छेने ठरलेला अल्पकाळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा असा नियम घातला. आयबीएमच्या झुरिकजवळील प्रयोगशाळेत विकसित होऊन १९८५ मध्ये बाजारात आलेल्या ‘टोकन रिंग’ने मात्र टक्कर मुळात होऊच नये अशी रचना पत्करली.

या रचनेत प्रत्येक संगणक मागच्याकडून बिट, म्हणजे ० किंवा १ ही माहितीची एकेक खूण, घेतो आणि पुढच्याला देतो. वलय शांत असते तेव्हा त्यात २४ बिटांचा एक ठरावीक नमुना अखंड फिरत राहतो. हेच टोकन, बोलण्याचा परवाना. ज्याला संदेश पाठवायचा असतो तो त्यातील एक बिट ० चा १ करतो, त्यासरशी परवान्याचेच संदेशाच्या आरंभात रूपांतर होते, आणि मागोमाग पत्ते व मजकूर जातात. ज्याच्या नावे संदेश असतो तो त्याची नक्कल उतरवून शेवटच्या खुणांत पोच नोंदवतो, परंतु संदेश तेथे थांबत नाही. तो फेरी पूर्ण करून प्रेषकाकडे परततो, आणि प्रेषकच तो काढून टाकून नवे टोकन सोडतो. टोकन अडवून ठेवण्याची मुदत सामान्यतः १० मिलिसेकंद असल्याने, १०० संगणकांच्या वलयात सर्वांनी आपापली पूर्ण मुदत वापरली, तरी पुढची पाळी साधारण एका सेकंदात येते. टकरींवर चालणारे इथरनेट अशी हमी देऊ शकत नव्हते, आणि टोकन रिंगचे खरे मोल या हमीतच होते.

या हमीची किंमत मात्र टोकनच्या राखणीत मोजावी लागते. सेकंदाला ४० लाख बिट या मूळ वेगाने एक बिट पाव मायक्रोसेकंद टिकतो, आणि तारेतून संकेत मायक्रोसेकंदाला सुमारे २०० मीटर धावतो. म्हणजे एक बिट तारेची जवळजवळ ५० मीटर लांबी व्यापतो आणि संपूर्ण टोकन १,२०० मीटर. प्रत्येक संगणकात होणारा किंचित विलंब धरला, तरी काही शे मीटरच्या लहान वलयात टोकन मावतच नाही, त्याचे शेपूट बाहेर पडण्याआधीच डोके परत येते. म्हणून वलयातील एक संगणक ‘सक्रिय निरीक्षक’ होऊन २४ बिटांचा मुद्दाम विलंब घालतो. हातात टोकन असतानाच एखादा संगणक बंद पडून ते हरवले, तर ठरावीक वेळ वाट पाहून निरीक्षकच वलय स्वच्छ करून नवे टोकन सोडतो. प्रेषक नाहीसा झाल्याने अनाथ झालेला संदेश फिरतच राहू नये यासाठी पहिल्या फेरीत तो त्यावर खूण करतो, आणि खूण असलेला संदेश पुन्हा आला की तो काढून टाकतो. निरीक्षकच गप्प झाला, तर उरलेल्यांत स्पर्धा होऊन सर्वांत मोठ्या क्रमांकाचा पत्ता असलेला संगणक ती जागा घेतो. या योजनेतील सर्वांत सुंदर भाग हाच म्हणावा लागेल, कारण येथे कायमचा मुख्य कोणीच नसतो.

पुढे वेग चौपट झाला, तरी १९९० च्या दशकात स्विच या यंत्राने इथरनेटवरील प्रत्येक संगणकाला स्वतंत्र मार्ग दिला. टकरी नाहीशा झाल्या आणि त्या टाळण्यासाठी महाग कार्डे घेण्याचे कारण उरले नाही. टोकनची कल्पना मात्र टिकली: कारखान्यांतील प्रोफिबस जाळ्यात मुख्य नियंत्रक, आणि मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणांतील बॅकनेटच्या एका प्रकारात तारेने जोडलेले नियंत्रक, प्रत्यक्ष वलय नसतानाही, आजही एकमेकांच्या हाती टोकन देऊनच बोलतात.