सत्तावीस तबकड्यांचा डाव

आजोबांच्या कपाटात जुन्या रेकॉर्डी असतील तर जरा बाहेर काढा. मोठी १२ इंची तबकडी दिसली की समजा ती एलपी, म्हणजे लाँग प्ले. तिच्या एकेका बाजूवर वीसेक मिनिटं मावायची. छोटी ७ इंची मात्र अमेरिकेत ‘सिंगल’ म्हणून विकली जाई. एका बाजूला एकच गाणं, तीनेक मिनिटांत खेळ खलास!

तिकडच्या मेम्फिस शहरातली स्टॅक्स ही चिमुकली कंपनी याच सिंगलवर वाढली. बँकेत काम करणारा जिम स्टुअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांची ही कंपनी. रेकॉर्डिंगचं यंत्र घ्यायला एस्टेलबाईंनी चक्क राहतं घर गहाण टाकलं. १९६० मध्ये त्यांनी एका बंद पडलेल्या थिएटरात स्टुडिओ थाटला. जिथे गोळ्या-चॉकलेटं विकली जायची, तिथे रेकॉर्डचं दुकान! नवं गाणं तयार झालं की बाई ते दुकानात लावायच्या आणि गल्लीतल्या पोरांचे चेहरे बघायच्या. पोरं नाचली तर गाणं पास!

मग संकटं आली. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांचा लाडका गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. १९६८ मध्ये रेकॉर्डी देशभर पोचवणाऱ्या अटलांटिक कंपनीशी काडीमोड झाला. तेव्हा कळलं, अटलांटिकनं देशभर विकलेल्या स्टॅक्सच्या गाण्यांची मालकी अटलांटिककडेच! जिमनं १९६५ चा करार नीट वाचलाच नव्हता. (आईबाबा, तुम्ही तरी सगळं वाचून सही करता ना?)

विकायला जुनं काही उरलं नाही. एकेक सिंगल काढत बसलं तर दुकानांतली फळी कधी भरणार? शिवाय एका एलपीमागे पैसे जास्त सुटतात. तेव्हा कंपनीचा कारभारी अल बेल यानं ठरवलं, १९६९ मध्ये एकदम २७ एलपी काढायच्या! स्टुडिओत रात्रंदिवस धांदल उडाली.

त्यातली एक होती आयझॅक हेज याची. त्याची आधीची एलपी फारशी खपली नव्हती. या वेळी त्याला वाटलं, बाकीच्या २६ आहेतच की, मी आपलं मनासारखं गातो. पठ्ठ्यानं चारच गाणी घेतली! एक १२ मिनिटांचं, तर दुसरं १८ मिनिटांहून लांब. त्यात आधी कितीतरी वेळ नुसतं बोलणंच. आणि कव्हरवर काय, तर त्याचं तुळतुळीत टक्कल. ‘हॉट बटर्ड सोल’ नावाची ही एलपी दहा लाखांवर खपली.

पुढे कर्ज वाढत गेलं आणि १९७५ मध्ये स्टॅक्सचं दिवाळं निघालं. थिएटरही पाडलं. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उघडलं. तिथे आयझॅकची सोन्याच्या मुलाम्यानं सजवलेली कॅडिलॅक गाडी मांडली आहे.