पखवाजाची कणीक आणि माईक

ध्वनिमुद्रकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘तुमचा सर्वांत आवडता माईक कोणता?’ शहरातल्या स्टुडिओत बसणारा माणूस बहुधा जर्मनीतल्या नॉयमन कंपनीच्या यू-८७ चं नाव घेईल. १९६७ साली आलेला हा माईक आहेच तसा. गायकाचा श्वाससुद्धा तो टिपतो. पण माझं बरंचसं काम मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडच्या जत्रांमधलं. देवळाच्या आवारात रात्रभर चालणारा दशावतार, हाच माझा स्टुडिओ. तिथं माझ्या पेटीतून सर्वांत आधी बाहेर येतो तो शुअर कंपनीचा एसएम-५७. १९६५ सालचा नमुना, दिसायला अगदी साधा.

याचं कारण आमची हवा. यू-८७ च्या जातीच्या कंडेन्सर माईकमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्या मागे धातूची चकती. दोघांमध्ये विजेचा भार राखलेला असतो. समुद्रावरची खारट, दमट हवा आत शिरली की तो भार गळू लागतो आणि हेडफोनमध्ये तव्यावर बांगडा टाकल्यासारखी चरचर ऐकू येते. एसएम-५७ मध्ये पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं. ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि त्यातूनच वीज निर्माण होते. भार राखायचाच नसल्यामुळे गळायचा प्रश्न नाही.

तरीही नुसता चांगला माईक असून भागत नाही. सुरुवातीच्या काळात एका जत्रेत मी तो पखवाजाच्या डाव्या पुडीपासून चार बोटांवर लावला. या पुडीवर कणीक थापलेली असते, त्यामुळे तिचा आवाज खोल, घुमारदार येतो. पहाटे म्हाताऱ्या वादकाने मुद्रण ऐकलं आणि म्हणाला, ‘‘ह्यो माझो पखवाज नाय, डबो वाजता!’’ त्याचं खरं होतं. एका दिशेने ऐकणारा माईक फार जवळ नेला की खर्ज फुगतो. पुढच्या वेळी तो दोन वीत मागे घेतला, तेव्हा थापेबरोबर बोटांचे बोलही सुटे ऐकू आले. माईकची पाठ कर्ण्यांकडे केली, तेव्हा लाउडस्पीकरचा गोंगाटही कमी झाला. मध्यरात्रीनंतर कणीक सुकते आणि आवाज चढतो. पूर्वी मी मिक्सरची बटणं फिरवून तो सारखा करायचो. आता हात लावत नाही. रात्र पुढे सरकल्याचं त्यावरूनच तर कळतं.

दुसरं लाडकं यंत्र म्हणजे नाग्रा टेपरेकॉर्डर. मूळच्या पोलंडच्या स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली तो पहिल्यांदा बनवला. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘तो मुद्रित करील’ असा आहे. झांजेचा घाव टेपवर जरा गोल होऊन उमटतो, कानाला टोचत नाही. डिजिटल यंत्रात मर्यादा ओलांडली की आवाजाचं टोक सरळ कापलं जातं. म्हणून झांजेसाठी मी पातळी बरीच खाली ठेवतो.

ही काळजी का, तर दशावतारातल्या आख्यानाला लिखित संहिता नसते. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहतात आणि संवाद तिथंच सुचत जातात. आज बोललेलं उद्या तसंच येत नाही. एका जुन्या नटाचं पूर्ण रात्रीचं काम मी स्पूलवर घेतलं होतं. पुढे टेपची टंचाई आली तेव्हा त्याच स्पूलांवर दुसरं काही मुद्रित केलं गेलं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि तो नटही आता नाही.

उरली ती मी स्वतःसाठी काढून ठेवलेली एक नव्वद मिनिटांची कॅसेट. नाग्रावर टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावते, कॅसेटमध्ये जेमतेम पावणेपाच. त्यामुळे झांज बोथट झाली आहे आणि मागे सतत पावसासारखी सरसर आहे. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवली, तरी रिळाच्या कडेला बुरशी आलीच. ती पुसून मी कॅसेट संगणकावर उतरवली. सरसर काढून पाहिली, तर तिच्याबरोबर शब्दांची शेवटची अक्षरंही पुसट व्हायला लागली. मग ती तशीच राहू दिली.

त्या रात्री पहाटे दहीकाला झाला होता, हंडी फुटली होती. कॅसेटवर तिथपर्यंत काही पोचत नाही. राजा राक्षसाला विचारतो, ‘‘तू कोण?’’ आणि टेप संपते.